जड आवाज, हलका खिसा

"मेटल वाजवायचं आहे. तीस हजारांच्या आत कुठला अ‍ॅम्प घेऊ?"

पणजी-म्हापशाच्या वाद्यांच्या दुकानांत हा प्रश्न नेहमीचा. विचारणारा मुलगा बहुधा कॉलेजात असतो. गिटार त्याने आधीच घेतलेली असते आणि घरून मिळालेल्या पैशांतला मोठा वाटा तिथेच उडालेला असतो. दुकानदार उलट विचारतो, "किती वॅटचा हवा?" आणि इथूनच बोलणे भलत्या दिशेला जाते. वॅटचा आकडा खोक्यावर ठळक छापलेला असला, तरी मेटलच्या आवाजाशी त्याचे नाते लांबचे आहे आणि टिकाऊपणाशी तर काहीच नाही.

हा मुलगा डिचोली तालुक्यातल्या मुळगावचा असेल, तर प्रश्नाला आणखी फाटे फुटतात. केळबाई देवीच्या या गावात शेजाऱ्यांचे कान भजनाच्या पेटी-पखवाजाला सरावलेले आहेत. गाव खाणपट्ट्यात, त्यामुळे लाल धूळ पाचवीला पुजलेली. चार महिने पाऊस कोसळतो आणि वारा सुटला की वीज लपंडाव खेळते. परदेशी मासिके अ‍ॅम्पची परीक्षणे छापतात ती कोरड्या हवेच्या, स्थिर विजेच्या खोलीत बसून. तोच अ‍ॅम्प मुळगावात तिसऱ्या पावसाळ्यानंतर धड वाजेल का, हे त्यातून कळत नाही. खिसा हलका असणाऱ्याला तर तेच आधी कळायला हवे, कारण दुसरा अ‍ॅम्प घेण्याची ऐपत त्याच्याकडे नसते.

१. जडपणा येतो कुठून?

गिटारच्या पिकअपमधून निघणारा विजेचा संकेत फार दुबळा असतो, साधारण व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. अ‍ॅम्प तो वाढवतो. पण प्रत्येक सर्किटची एक कमाल मर्यादा असते. त्यापलीकडे लाट वाढवू गेले की तिचे शेंडे कापले जातात. शिगोशीग भरलेल्या कुडवावरून पट्टी फिरवली की वरची शीग खाली पडते आणि तांदूळ मापाच्या कडेशी सपाट होतात, तसेच हे. पट्टीऐवजी तळहात फिरवला तर मधे थोडा उंचवटा राहतो. पट्टी फिरवली तर कड साफ आणि धारदार. लाटेचे शेंडे असे कापले जाणे म्हणजेच डिस्टॉर्शन, आणि ते हळुवार कापायचे की सफाचट, यात एका अ‍ॅम्पचा आवाज दुसऱ्यापेक्षा वेगळा होतो.

शेंडे कापले गेले की मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे नवे सूर त्यात मिसळतात. एकच तार भरगच्च वाजते ती त्यामुळे. दोन सूर एकत्र घातले तर आणखी गंमत होते. डिस्टॉर्शन त्या दोघांच्या कंपनसंख्यांतल्या फरकाचाही एक सूर पैदा करते. समजा, एक सूर सेकंदाला ११० कंपनांचा आहे आणि दुसरा १६५ चा. फरक ५५, म्हणजे पहिल्या सुराच्या बरोबर एक सप्तक खाली. कुणी न वाजवलेला खर्ज आपोआप ऐकू येतो. मेटलवाले ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात ती हीच षड्ज-पंचमाची जोडी. आता त्याच ११० बरोबर गिटारवरचा शुद्ध गंधार घेतला, तर तो साधारण १३९ चा. फरक २९, म्हणजे धड ऐकूही न येणारी आणि बाकीच्या कुठल्याच सुराशी न जुळणारी गुरगुर. गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचे प्रमाण, पूर्ण वाढवून सहाही तारांचा कॉर्ड छेडला की चिखल होतो तो यामुळे. त्यात अ‍ॅम्पचा दोष नसतो.

जडपणाचा दुसरा भाग म्हणजे तारा उतरवणे. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची उजव्या हाताची दोन बोटे सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात शेंड्यांपाशी कापली गेली. तो डावखुरा वादक, म्हणजे तारा दाबण्याचा हातच जायबंदी झाला. प्लास्टिक वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या आणि तारा ढिल्या ठेवायला सुरुवात केली. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडच्या १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या अल्बममध्ये काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली आहे. सर्वांत जाड तार एरवी सेकंदाला ८२ कंपने करते, ती तिथे ६९ वर आली. पुढच्या पिढ्या आणखी खाली उतरल्या. ज्याला ड्रॉप सी म्हणतात त्यात हा आकडा ६५ असतो. सॅबथच्या सुरुवातीच्या काळातला अ‍ॅम्प होता लेनी. १९६७ मध्ये त्यांच्याच शहरात सुरू झालेली ही कंपनी तेव्हा अगदी नवखी होती. मेटलचा सुरुवातीचा जड आवाज गावात मिळणाऱ्या अ‍ॅम्पवर घडला, ही गोष्ट हलक्या खिशाच्या माणसाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तिसरा भाग नवख्याला उलटा वाटतो. रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) घट्ट वाजायला हवी असेल, तर डिस्टॉर्शनच्या आधी बास कमी करावा लागतो. खालच्या सुरांत ताकद जास्त असते. ते तसेच आत गेले तर आधी तेच कापले जातात आणि तळहाताने तारा दाबून वाजवलेले 'झुग-झुग' फसफसू लागते. आयबानेझचे ट्यूब स्क्रीमर हे हिरवे ओव्हरड्राइव्ह पेडल १९७० च्या दशकाअखेरीस बाजारात आले ते ब्लूज-रॉकवाल्यांसाठी. पण मेटलवाले त्याचे ड्राइव्हचे बटण शून्यावर आणि आवाजाचे पूर्ण ठेवून ते अ‍ॅम्पच्या पुढे लावतात. हेतू एकच, बास छाटून मधले सूर पुढे ढकलायचे. स्वस्तातल्या नकलाही हे काम चोख करतात. नंतर हवा तेवढा बास अ‍ॅम्पच्या बटणावर परत देता येतो.

२. व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर?

लंडनच्या हॅनवेल भागात ड्रमचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलने १९६२ मध्ये पहिला अ‍ॅम्प विकला. अमेरिकन फेंडर बासमनचे सर्किट समोर ठेवून त्याच्या माणसांनी तो बांधला होता. आत होते व्हॉल्व्ह, आजोबांच्या रेडिओत पिवळसर पेटायचे त्याच जातीचे. मापावरून तळहात फिरवणारे ते हेच. मर्यादा आली की व्हॉल्व्ह लाट हळूहळू दाबतो, म्हणून त्याचे डिस्टॉर्शन कानाला गोड लागते. पुढे १९९२ मध्ये आलेल्या पीव्ही ५१५० ने मेटलचा घट्ट आवाजही व्हॉल्व्हवरच बसवला. म्हणून "खरा मेटल व्हॉल्व्हवरच" अशी समजूत पक्की झाली.

खिशाच्या बाजूने पाहिले तर व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प म्हणजे पांढरा हत्ती. व्हॉल्व्ह झिजतात, ते बदलावे लागतात, बदलल्यावर काही अ‍ॅम्पमध्ये बायस (व्हॉल्व्हमधला स्थिर प्रवाह) नव्याने लावावे लागते आणि ते जाणणारा कारागीर प्रत्येक तालुक्यात नसतो. आत चारशे व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब खेळत असतो. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये तो टिकून राहतो, त्यामुळे हौसेने स्क्रू-ड्रायव्हर घालणे जिवावर बेतू शकते. आणि हे अ‍ॅम्प खुलतात ते आवाज चढवल्यावर. लागून लागून घरे असलेल्या वाड्यावर तो चढवणार कधी?

शिवाय व्हॉल्व्हवाचून मेटल होत नाही, हे इतिहासाला धरून नाही. पँटेरा बँडचा गिटारवादक डाइमबॅग डॅरेल याचा करवतीसारखा आवाज, ज्याच्या नकला अजून होतात, तो रँडल कंपनीच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमधून आला. कड धारदार कापली जाणे हा ट्रान्झिस्टरचा दोष मानला जायचा. त्याने तोच दोष कामाला लावला. मेटालिकाच्या गाण्यांतले संथ, स्वच्छ भाग ज्या रोलंड जेसी-१२० साठी ओळखले जातात तोही ट्रान्झिस्टरचाच, १९७५ पासून बाजारात असलेला.

आज तिसरा पर्याय आहे डिजिटल मॉडेलिंगचा. यात एक चिप निरनिराळ्या अ‍ॅम्पचे वागणे गणिताने उतरवते. २०१६ मध्ये आलेल्या बॉस कटानाने या वर्गाची पत वाढवली. त्याच्या ५० वॅटच्या अ‍ॅम्पमध्ये १२ इंची स्पीकर आहे आणि एका बटणाने ताकद अर्ध्या वॅटपर्यंत उतरते. एकाच डब्यात घरचा सराव आणि बँडची तालीम, दोन्ही भागते. तोटाही सांगायला हवा. डिजिटल अ‍ॅम्पचा मुख्य बोर्ड गेला की बहुधा तो अख्खाच बदलावा लागतो, आणि काही वर्षांनी तो मिळेलच याची हमी नाही. साध्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचे सर्किट मात्र टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा जुना मिस्त्री बघताक्षणी ओळखतो. जिथे सर्व्हिस सेंटर दूर आहे तिथे या गोष्टीची किंमत मोठी.

एक सावधगिरी. काही स्वस्त अ‍ॅम्पच्या जाळीतून एखादा व्हॉल्व्ह लालसर पेटलेला दिसतो. त्यामागे कधी कधी नुसता एलईडी लावलेला असतो. उजेडाचे पैसे देऊ नयेत.

मुळगावच्या मुलाने पहिला अ‍ॅम्प ट्रान्झिस्टर किंवा डिजिटल घ्यावा, १२ इंची स्पीकरचा. व्हॉल्व्हची हौस नोकरी लागल्यावरही भागवता येते.

३. वॅटचा खरा हिशोब

टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर 'पीएमपीओ १००० वॅट' वाचलेली पिढी अजून आहे. क्षणभर, कसल्यातरी अवास्तव परिस्थितीत मोजलेला तो आकडा निव्वळ फसवा होता. अ‍ॅम्पच्या बाबतीत बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद. पण तो खरा आकडाही समजून घ्यावा लागतो.

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. ताकद दुप्पट केली की पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. कानाला "दुप्पट मोठा" वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. १० वॅटच्या अ‍ॅम्पपेक्षा दुप्पट मोठा आवाज हवा तर अ‍ॅम्प १०० वॅटचा हवा, बाकी सर्व सारखे असताना.

आणि बाकी सर्व सारखे नसतेच. स्पीकरची संवेदनक्षमता नावाचा एक आकडा असतो. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल, ते त्यातून कळते. समजा, पहिल्या अ‍ॅम्पमध्ये २० वॅट आहेत आणि स्पीकर १०० डेसिबलचा. २० वॅट म्हणजे एका वॅटच्या वर १३ डेसिबल. बेरीज ११३. दुसऱ्यात ४० वॅट, पण स्पीकर ९७ चा. ४० वॅटचे १६ डेसिबल, बेरीज तीच ११३. दुप्पट वॅटचे पैसे मोजून हाती आले शून्य. दुकानात वॅट सगळे विचारतात, स्पीकरबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

स्पीकरच्या आकाराचे महत्त्व मेटलमध्ये अधिक, कारण सूर ६५-७० कंपनांपर्यंत उतरतात. पाच-सहा इंची स्पीकरच्या छोट्या डब्यातून तिथला मूळ सूर जवळजवळ येतच नाही. वरचे सूर ऐकून कान तो अंदाजाने भरून काढतो, पण छातीत धडकणारा ठोका येत नाही. मागून बंद असलेली पेटी हा ठोका उघड्या पेटीपेक्षा घट्ट देते.

गिटारचा स्पीकर आणखी एक काम गुपचूप करतो. साधारण ५,००० कंपनांच्या वरचे फारसे काही तो वाजवतच नाही, त्यामुळे डिस्टॉर्शनची किरकिर आपोआप गाळली जाते. म्हणूनच पेडल थेट जत्रेतल्या साउंडवाल्याच्या आहुजा ध्वनिवर्धकाला जोडले की कान किटतात. तिथल्या कर्ण्यांचे काम कीर्तनकाराचा शब्द न् शब्द मैदानाच्या टोकापर्यंत पोचवण्याचे. वरचे सूर ते इमानदारीने बाहेर फेकतात. साउंडवाल्याकडेच जोडायचे असेल तर स्पीकरची नक्कल करणारे, म्हणजे कॅबिनेट सिम्युलेशन असलेले पेडल किंवा अ‍ॅम्पचा तसा लाइन-आउट लागतो.

मग वॅट किती? घरात अर्धा ते एक वॅटही पुष्कळ. ९७ डेसिबलचा स्पीकर एका वॅटवर मीटरभर अंतरावर ९७ डेसिबल देतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ठेवली आहे. ड्रमरबरोबर तालीम करायची तर ट्रान्झिस्टरचे ४०-५० वॅट आणि १२ इंची स्पीकर. त्याहून मोठा डबा स्कूटरवरून डिचोलीला नेतानाच नकोसा होतो.

४. पाऊस, वीज आणि लाल धूळ

अ‍ॅम्प बिघडतो कुठे? सर्किट जळणे वगैरे नाट्यमय प्रकार कमी. सर्वाधिक आजार असतो तो गिटारची वायर घुसते त्या जॅकचा. स्वस्त अ‍ॅम्पमध्ये हा प्लास्टिकचा जॅक थेट बोर्डावर झाळलेला असतो, बाहेरून त्याला नटाचा आधार असला तर असतो. वायरीला पाय अडकला, वादक दोन पावले लांब गेला, की तो ताण जाऊन पडतो झाळणीच्या तीन-चार ठिपक्यांवर. भिंगातून पाहिले तर ठिपक्याभोवती केसासारखी बारीक गोल चीर दिसते. आवाज येतो-जातो, वायर हलवली की खरखरतो, आणि मालकाला वाटते अ‍ॅम्प गेला. झाळणी पुन्हा केली की दहा-पंधरा मिनिटांत तो ठणठणीत होतो. म्हणून विकत घेतानाच बघावे: जॅक धातूचा आहे का, तो पत्र्याला नटाने घट्ट कसलेला आहे का. आणि वायर अ‍ॅम्पच्या हँडलमधून एक वळसा देऊन मग जॅकमध्ये घालावी. ताण हँडल घेते.

गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तर अ‍ॅम्पच्या रेक्झिनला का येऊ नये? ती पुसता येते. आतल्या बटणांचे संपर्क मात्र हळूहळू काळवंडतात आणि बटण फिरवताना 'खर्र' होते. त्यावर तेल अजिबात सोडू नये. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मिळतो तो मारावा. न वापरलेला अ‍ॅम्प अधिक बिघडतो. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा अर्धा तास नुसता चालू ठेवला तरी आतला ओलावा उडतो. जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवू नये. स्टूल किंवा पाट बरा. वापरात नसलेल्या भोकांत कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, हेही गावच्या घरात घडते. चिकटपट्टीचा तुकडा पुरतो. खाणपट्ट्यातल्या लाल धुळीसाठी जुनी सुती चादर, पण अ‍ॅम्प थंड झाल्यावरच. आत पंखा असेल तर त्याची जाळी पावसाळ्याआधी ब्रशने साफ करावी.

विजेचे तीन धोके वेगवेगळे ओळखावेत. पहिला, मे महिन्यातल्या वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांचा. बटण बंद करणे पुरेसे नसते, प्लग काढावा लागतो. दुसरा, व्होल्टेज खाली-वर होण्याचा. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पला छोटा स्टॅबिलायझर लावावा. काही नवे अ‍ॅम्प १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यांना खालच्या व्होल्टेजची भीती कमी. घरच्या स्वस्त इन्व्हर्टरवर मात्र अ‍ॅम्प लावू नये. अशा इन्व्हर्टरची वीज चौकोनी लाटेची असते आणि ती स्पीकरमध्ये भणभण होऊन उतरते.

तिसरा धोका अर्थिंगचा, आणि हा गमतीवारी नेण्यासारखा नाही. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थशी जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पचे अर्थिंग तुटलेले आणि आत गळती असेल, तर तारांना हात आणि मायक्रोफोनला ओठ, एवढ्याने प्रवाहाची वाट पूर्ण होते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये स्वॉन्झीच्या मंचावर असाच गेला. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला. तिथेही दोष अर्थिंगचाच होता. घुंई आवाज जावा म्हणून थ्री-पिनची जाड पिन काढून टाकणारे वादक आपल्याकडेही आहेत. ती पिन काढायची नाही. घुंई आली तर अ‍ॅम्प आणि बाकीची सगळी साधने एकाच बोर्डावर घ्यावीत आणि घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, नसेल, तर पेडलच्या आधी तो घ्यावा.

५. परदेशातून कुणी आणून दिला तर

गोव्यातल्या घरांत आखातात, लंडनला किंवा लिस्बनला कुणी ना कुणी असतोच. "येताना एक अ‍ॅम्प आण" हे सांगणे स्वाभाविक. ब्रिटन, पोर्तुगाल, संयुक्त अरब अमिरात इथली वीज भारताच्याच जातीची, २३० व्होल्टच्या आसपास आणि ५० हर्ट्झ. फक्त प्लग बदलावा लागतो. अमेरिका आणि कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट. तिकडचा अ‍ॅम्प इथल्या भिंतीत थेट लावला तर फ्यूज उडतो, आणि कुणी फ्यूजच्या जागी तार बांधली असेल तर ट्रान्सफॉर्मर जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हा उपाय आहे, पण तो वजनदार, आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर ५० वर थोडा जास्त तापतो. अ‍ॅम्पच्या पाठीवर व्होल्टेजची पट्टी असते. पैसे पाठवण्याआधी तिचा फोटो मागवावा. परदेशात घेतलेल्या मालाची वॉरंटी इथे चालेलच असे नाही, हेही दरातल्या बचतीतून वजा करावे.

६. दुकानात तासभर

तपासायला स्वतःची गिटार न्यावी, ज्या ट्यूनिंगमध्ये घरी वाजवतो त्याच ट्यूनिंगमध्ये. दुकानातल्या महागड्या गिटारवर कुठलाही अ‍ॅम्प बरा वाटतो.

आधी काहीही न वाजवता आवाज निम्म्याच्या वर न्यावा आणि ऐकावे. थोडी सळसळ चालेल, जोरदार घुंई नको. प्रत्येक बटण सावकाश टोकापासून टोकापर्यंत फिरवावे. जॅकमधली वायर हळूच हलवावी. मग जाड तार दाबून, सावकाश, मोठ्या आवाजात वाजवावी. स्पीकर फाटला असेल किंवा पेटीचा स्क्रू ढिला असेल तर नेमक्या एखाद्या सुरावर तो फडफडतो. गेन वाढवून तारांवर एकदम हात ठेवावा: आवाज तिथल्या तिथे तुटतो की शेपटी राहते? रिफचा घट्टपणा यातच कळतो. शेवटी अ‍ॅम्प पाऊण तास चालू ठेवून दुकानदाराशी गप्पा माराव्यात. काही बिघाड तापल्याशिवाय तोंड उघडत नाहीत.

सेकंडहँड घेताना एक जास्तीची गोष्ट. कुणी स्पीकर बदलला आहे का ते विचारावे आणि मागून त्याचा ओहमचा आकडा बघावा. किमान ८ ओहम मागणाऱ्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला ४ ओहमचा स्पीकर लावला की त्यातून मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहतो आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर उडतात. असा अ‍ॅम्प दुकानात व्यवस्थित वाजतो आणि घरी पहिल्या जोरदार तालमीत मान टाकतो.

७. तीस हजारांची वाटणी

सगळे पैसे अ‍ॅम्पवर घालणे ही नेहमीची चूक. वाटणी साधारण अशी करता येते: अ‍ॅम्पला वीस हजार, नवा किंवा चांगल्या अवस्थेतला जुना. ओव्हरड्राइव्ह पेडलला साडेतीन. गिटारचे सेटिंग आणि जाड तारांना दोन, कारण ड्रॉप सीमध्ये नेहमीच्या ९ ते ४२ च्या तारा वाळत घातलेल्या दोरीसारख्या लोंबतात. १० ते ५२ किंवा त्याहून जाड लागतात. स्टॅबिलायझर आणि अर्थिंगच्या कामाला दोन, चांगल्या वायरीला एक. उरलेले दीड हजार मिस्त्रीसाठी बाजूला.

ज्याला बँड नाही आणि रात्रीच वेळ मिळतो, त्याने अ‍ॅम्प न घेता ऑडिओ इंटरफेस, संगणक आणि बरा हेडफोन यांचा विचार जरूर करावा. शिवोलीच्या रेमो फर्नांडिसने १९८४ चा 'गोअन क्रेझी' घरीच, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केला होता. आजच्या साध्या लॅपटॉपमध्ये त्याहून किती तरी जास्त सोय आहे. मेटलच्या अ‍ॅम्पची नक्कल करणारी मोफत सॉफ्टवेअरही मिळतात.

राहिला मंचाचा प्रश्न. "कार्यक्रमाला हा डबा पुरेल का?" पुरतो. १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या 'इंडिपेन्डन्स रॉक'सारख्या मोठ्या मंचांवर मोठे अ‍ॅम्प आयोजक भाड्याने आणतात, त्याला बॅकलाइन म्हणतात. छोट्या कार्यक्रमात ५० वॅटच्या अ‍ॅम्पसमोर एक माइक लावून आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरवर द्यायचा. श्युअर एसएम५७ हा १९६५ पासूनचा माइक त्यासाठी जगभर वापरला जातो. तो स्पीकरच्या जाळीला जवळजवळ टेकवून, मधल्या टोपीच्या कडेवर रोखून ठेवतात. बरोबर मध्यावर ठेवला तर आवाज टोचतो, काठाकडे सरकवला की जाड होत जातो. दोन बोटे इकडे-तिकडे केले तरी फरक ऐकू येतो. ही जागा घरीच शोधून जाळीवर खडूने खूण करून ठेवावी, म्हणजे मंचावर साउंडवाल्याला समजावत बसावे लागत नाही.